आखाजीच्या पाण्याचा नकाशा

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळेच ते काम माझ्या गळ्यात पडलं. बुऱ्हाणपुरात शिक्षकाला शिकवण्याखेरीज काय काय करावं लागतं त्याची यादी इथे देत नाही. मतदारयाद्या झाल्या, घरोघरची गणती झाली, त्या वर्षी नाला आला. तापीला मिळणारा एक नाला आणि त्याच्या काठची झाडी पुन्हा जिवंत करायची योजना होती. ती गावकऱ्यांना विचारूनच बनवायची असं वरून आलं होतं, आणि विचारायला त्या गावची बोली बोलणारं कुणीतरी हवं होतं. नाला माझ्या माहेरच्या गावाला वळसा घालून जातो. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "तुम्हीच जा. तुम्ही कागदावर खोटं लिहून आणणार नाही." मला ते कौतुक वाटलं होतं.

माहेर दापोऱ्याच्या वाटेवर, शहरापासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या आत. केळीचं गाव. माझ्या लहानपणी नाला वैशाखापर्यंत वाहायचा, आता होळीच्या आधी वाळू उघडी पडते. काठची जांभळं आणि करंज तुटत तुटत एका वळणापुरते उरले होते. त्या वळणावर मात्र भर उन्हाळ्यात एक डोह असायचा. फार मोठा नाही, दोन म्हशी बसतील एवढा. त्यात मरळ मासे होते, कासवं होती, आणि उन्हाळ्यात आसपासची सगळी पाखरं तिथंच पाण्यावर यायची. योजना वाचवायला निघाली होती ती खरं तर एवढीच गोष्ट, बाकी सगळं आधीच गेलेलं होतं.

पहिली सभा पंचायतीच्या ओट्यावर झाली. योजनेचे साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि मनापासून काम करणारे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्यावर ढकलून मला सुटता येणार नाही. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बाया मागे जमिनीवर डोक्यावर पदर घेऊन. पुरुषांनी मागण्या केल्या. नाल्यावर पुलिया करा. जेसीबी लावून नाला खोल करा. काठाला सिमेंटची भिंत घाला. साहेबांनी विचारलं, "और प्रकृति के लिए?" पुरुष एकमेकांकडे पाहू लागले, मग एकजण म्हणाला, "झाडं लावा." कोणती, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोनतेबी." टाळ्या झाल्या, चहा आला, फोटो निघाला. मागच्या बायांपैकी एकीलाही कुणी काही विचारलं नाही. मी स्कूटी हाणत घरी आले तेव्हा इतकी चिडलेली होते की नवऱ्यानं जेवायचं विचारलं तर त्याच्यावरच ओरडले.

वाट दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात सापडली. मी मुलींना सण शिकवत होते. आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं नवी मातीची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरी कॅनचं पाणी भरतात. बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, आमची आजी तर तापीचंच आणायला लावते, नळाचं चालत नाही. मी खडू हातात धरून उभी राहिले. जुन्या घरांमध्ये घागरीचं पाणी ठरलेलं असतं. सासू सुनेला पाणी दाखवून जाते, सून तिच्या सुनेला. म्हणजे गावातलं प्रत्येक जुनं पाणी कुठल्या ना कुठल्या बाईच्या डोक्यात होतं, आणि आम्ही पुरुषांना पुलिया विचारत बसलो होतो.

त्यानंतरचे सगळे रविवार मी गावात काढले. निसर्ग, योजना, सहभाग असले शब्दच मी तोंडातून काढले नाहीत. एवढंच विचारायचं: तुमच्या घरची आखाजीची घागर कुठल्या पाण्यानं भरायची? आणि काय सांगू, ज्या बाया सभेत तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या त्या मला उठू देईनात. अमक्याच्या विहिरीचं. चिंचेखालच्या कुंडीचं. नाल्यात हातानं वाळू उकरून काढायचो त्या झिऱ्याचं. आणि पाण्याबरोबर सगळं यायचं, तिथं कोणतं झाड होतं, कोणती भाजी उगवायची, टिटवी कुठं अंडी घालायची, कासव कुठून चढायचं. एका म्हातारीनं मला उन्हात अर्धा तास चालवत नेऊन एक कोरडा खड्डा दाखवला आणि तिथं हात जोडले. मी त्या दिवसांत फार आनंदात होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा काहीतरी खरं करते आहे असं वाटत होतं.

नकाशा आम्ही एका पांढऱ्या चादरीवर काढला. मी नाला, रस्ता, वावरं काढून दिली आणि टिकल्यांची पाकिटं नेली. जिवंत पाण्याला निळी टिकली, गेलेल्याला लाल, असं मी ठरवलं होतं. बायांना ते पसंत पडेना. मेलेल्या पाण्याला लाल टिकली कोण लावेल? मग जिवंत पाण्याला लाल आणि गेलेल्याला काळी असं ठरलं. एकेक जण पुढे येऊन स्वतःच्या हातानं टिकली लावत होती. काळ्या पुष्कळ झाल्या. लाल बोटांवर मोजण्याइतक्या.

वळणावर मात्र एकही टिकली नव्हती. तिथली टिकली लावायचा हक्क ज्या बाईचा होता ती आलीच नव्हती. ती माझी मोठी माय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाल्याचं वळण तिच्या वावराला लागून आहे.

डोह गावाला माहीत होता. झिरा माहीत नव्हता. करंजाच्या मुळांखाली एक चपटा दगड होता, तो सरकवला आणि ओंजळभर वाळू काढली की थंड पाणी वर यायचं. डोह त्यावरच जगत होता. पुरुषांना वाटायचं ते पावसाळ्याचं साठलेलं डबकं आहे. आमच्या घरच्या बाया आखाजीच्या पहाटे न बोलता जायच्या, घागर भरायच्या आणि दगड पुन्हा होता तसा लावून यायच्या. मी सात-आठ वर्षांची असताना मोठी माय मला एकदा सोबत घेऊन गेली होती. म्हणजे जागा मला ठाऊक होती, टिकली मी एकटीही लावू शकले असते. पण नियम मीच केला होता की ज्या बाईचं पाणी तिनंच सांगायचं, आणि स्वतःच्या नियमांचा मला भारी अभिमान.

मी तिच्याकडे गेले. ती ओसरीत तूर पाखडत होती.

"नाही सांगत," ती म्हणाली. "पानी दिसलं का तिथी मोटर येते. माह्या सासूनं सांगतलं होतं, बाप्यांले दाखवू नको. म्या माह्या नवऱ्याले नाही दाखवलं. पोराले नाही दाखवलं."

मी म्हणाले, "मोठी माय, नकाशावर नाही आलं तर तिथं जेसीबी येईल. लोकांनी नाला खोल करायचं मागितलं आहे. मशीन ते वळणच फोडेल. टिकली असेल तिथं मशीन लावायचं नाही, असा साहेबांनी शब्द दिला आहे."

ती सूप थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. "शब्द कोनाचा हाय?"

"साहेबांचा."

"त्याले मी नाही वळखत. तुहा हाय का?"

मी म्हणाले, "माझा आहे."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि माझ्याबरोबर पंचायतीत आली. वळणावर तिनं लाल टिकली लावली. सोबत आलेल्या सुनेला ती हळूच म्हणाली, "आता काही लपलं नाही." सून हसली, मीही हसले.

दुसरी सभा पाहण्यासारखी झाली. ओटा पुरला नाही. साहेब चादरीसमोर उभे राहून एकेक टिकली विचारत होते आणि बाया मागून मोठ्यानं उत्तरं देत होत्या. वळणावर मशीन लावायचं नाही, करंज तोडायचे नाहीत, काठानं जांभूळ आणि करंजच लावायचे, डोहाच्या वर दगडांचा छोटा बांध घालायचा, असं सगळं सर्वांसमोर ठरलं. साहेब मला म्हणाले, "मैडम, ऐसा काम हमने कहीं नहीं देखा." त्यांनी चादरीचा फोटो काढून त्याचा मोठा फ्लेक्स छापून घेतला आणि पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर लावला, नकाशा लोकांचा आहे, लोकांना रोज दिसला पाहिजे म्हणून. मी त्या फ्लेक्सजवळ उभी राहून फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मोठ्या मायचा मुलगा, माझा चुलतभाऊ, त्या संध्याकाळी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं, आपल्या वावराला टिकली लागली म्हणून खूश आहे.

योजनेची फाइल वर गेली आणि वरच राहिली. फागुन लागला. त्या वर्षी ऊन लवकर चढलं. गावातल्या विहिरी खाली गेल्या आणि केळीच्या बागा पिवळ्या पडू लागल्या. एक दिवस मधल्या सुट्टीत मोठ्या मायच्या सुनेचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, मशीन आली. वळनापाशी." मी वर्ग तसाच सोडून निघाले.

जेसीबी नव्हता. बोअरची गाडी होती. नाल्यापासून पंधरा-वीस पावलांवर, माझ्या चुलतभावाच्या स्वतःच्या वावरात उभी. पांढरा चिखल वाहत नाल्यात उतरत होता. आवाज इतका की मला ओरडून बोलावं लागलं. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, नाल्याले मी हात नाही लावला. ठरलं होतं तसंच केलं. माह्या वावरात मारला." आणि बागेकडे हात करून म्हणाला, "पूरा बगीचा वाळू राह्यला, ताई. मी इथं पंधरा वर्षं पानी शोधू राह्यलो. कोनी मले सांगतलंच नव्हतं."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या आईनं नाही, बायकोनंही नाही. सांगितलं ते मी, भिंतीवर लावून. पाणी लागलं तेव्हा नारळ फुटला आणि त्यानं पहिला प्रसाद मलाच आणून दिला. मी तो मुठीत धरून उभी राहिले.

मग बाकीचे सुरू झाले. आमच्याकडे बोअर मारण्याआधी पाणी बघणारा माणूस आणतात, तो तळहातावर नारळ ठेवून वावरभर फिरतो. त्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. गाडीवाल्याच्या मोबाईलमध्ये माझ्या फ्लेक्सचा फोटो होता. तो बोटांनी मोठा करून टिकली शोधायचा आणि तिच्या जवळचं वावर कुणाचं ते विचारायचा. जिथं जिथं लाल टिकली होती तिथं तिथं गाडी गेली.

मी साहेबांकडे चार फेऱ्या मारल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते म्हणाले, "मैडम, नाले में किसी ने कुछ नहीं किया. ज़मीन अपनी-अपनी है." योजनेत नाला होता, काठ होता, झाडं होती. काठापलीकडच्या जमिनीखालचं पाणी कुणाच्याच कागदात नव्हतं, आणि आम्हाला, मला, ते सुचलंही नव्हतं. मी म्हणाले, निदान फ्लेक्स काढा. ते म्हणाले, सर्वांनी मिळून मंजूर केलेला कागद आहे, माझ्या एकट्याच्या हातात नाही. मी तिथून तशीच गावात गेले आणि स्टुलावर चढून फ्लेक्स स्वतः फाडला. ओट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आता काढून काय होईन, बाई. सगळ्यांच्या मोबाईलमधी हाय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

चैत्रात डोह एका घमेल्याएवढा राहिला. मी रविवारी पोचले तेव्हा मोठी माय आणि तिची सून तिथंच होत्या. चपटा दगड बाजूला टाकलेला होता, आता लपवायचं काही नव्हतं. मोठी माय गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू काढत होती. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडी लागत होती. मीही उकरू लागले. आम्ही किती वेळ उकरलं मला आठवत नाही, नखांतून रक्त आलं तेव्हा सुनेनं माझा हात धरून थांबवला. मागे चिखलात मरळ तडफडत होते. मोठी माय उठली आणि म्हणाली, "बादल्या आन."

आम्ही बादल्यांत चिखलपाणी घेतलं, हाताला लागतील ते मासे आणि दोन कासवं त्यात घातली आणि स्कूटीवर तापीकडे निघालो. मी चालवत होते, सून मागे दोन बादल्या धरून बसली होती. खड्ड्याखड्ड्याला पाणी हिंदकळून सांडत होतं. तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेचे मासे नदीत सोडले तेव्हा थोडे पोहत गेले. शेवटच्या खेपेत सगळे उलटे तरंगले. कासवं पाण्यात गेली, पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. परत आले तेव्हा टिटवी कोरड्या डोहाभोवती ओरडत फिरत होती आणि मोठी माय करंजाखाली बसून होती. मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. म्हणाले, "मोठी माय, मला मार, शिव्या दे." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाली, "ऊन चढलं, घरी जाय."

आखाजीच्या पहाटे मी न बोलावता गेले. मोठी माय नवी घागर घेऊन निघालीच होती. ती नाल्याकडे वळली नाही, वावरातल्या बोअरच्या पाइपाकडे गेली. मुलगा तिथं उभा होता. त्यानं मोटर चालू केली आणि म्हणाला, "माय, पानी तेच हाय. त्याच झिऱ्याचं हाय." तिनं घागर भरली. घरी आणून पाटावर ठेवली, खरबूज ठेवलं, नवऱ्याचं आणि सासूचं नाव घेतलं. सगळं रीतसर झालं. फक्त सासूचं नाव घेताना ती अडली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. घरातली सगळ्यात मोठी चोरी आपण केली आहे आणि तरी घरचे आपल्याला पुरणपोळी वाढताहेत, असं मला वाटत होतं. त्या बोअरनंही जेठ संपण्याआधी हात टेकले. पाइपातून आधी गढूळ पाणी, मग नुसती हवा. बगीचा गेलाच.

पावसाळ्यात नाला वाहिला, दिवाळीपर्यंत वाहिला आणि आटला. झिरा उघडला नाही. करंजाची पानं एका बाजूनं झडली.

आणि मग फाइल मंजूर होऊन आली. खरंच आली. मी शाळेत तो फोन ऐकला तेव्हा हसू फुटलं, आणि मुली घाबरून माझ्याकडे पाहू लागल्या. काम सुरू करायच्या आधी नकाशावरच्या प्रत्येक जागेची लोकांसमोर पडताळणी करायची होती. पाणी असेल तिथं बांध आणि झाडं, नसेल ती जागा योजनेतून कमी. पुन्हा पंचायतीच्या ओट्यावर सभा भरली. या वेळी नवे साहेब होते, जुन्यांची बदली झाली होती. बाया आल्या होत्या, कारण त्यांना आणायचं काम माझंच होतं, पण येऊन मागे बसल्या आणि पदर पुढे ओढून घेतले. साहेब एकेक जागेचं नाव घेत होते. यहाँ पानी है? कुणी बोलेना. ते पुन्हा विचारायचे, थोडं थांबायचे आणि कागदावर काट मारायचे. पुरुष मोबाईल पाहत होते.

वळणाची जागा आली. साहेबांनी यादीत पाहिलं, कुणाचं वावर ते विचारलं आणि मोठ्या मायकडे वळून अदबीनं म्हणाले, "अम्मा, आपके यहाँ पानी कहाँ है? आप ही बताइए, यह आप लोगों की योजना है."

मोठी माय उठून उभी राहिली. सभेत तिनं आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बोट केलं. आवाजात राग नव्हता, जसं ती भाजीत मीठ किती घालायचं ते सांगते तसं म्हणाली, "हिले विचारा. आमच्यापाशी होतं ते सगळं हिलेच सांगतलं."

आणि खाली बसली. साहेब पेन उघडून माझ्याकडे पाहत होते. सगळी सभा पाहत होती. काट मारलेली जागा योजनेतून जाईल, बांध जाईल, करंजांवरची बंदी जाईल, हे मला माहीत होतं. ज्या कामासाठी मी शब्द दिला होता त्यातलं शेवटचं तेवढंच उरलं होतं. आणि कागदावर खोटं लिहायचं नाही म्हणून तर मला पाठवलं होतं.

मी म्हणाले, "नाही. पाणी नाही." त्यांनी काट मारली आणि पुढचं नाव घेतलं.